पाण्यातील एरोबिक्स : प्राथमिक पातळीनंतर पुढे काय? (१२ आठवड्यांच्या आराखड्याविषयी)

कवायत | १४ फेब्रुवारी

आमच्या सोसायटीच्या तरणतलावात गेल्या वर्षीपासून सकाळी साडेसात ते सव्वाआठ अशी महिलांची पाण्यातील एरोबिक्सची बॅच चालते. आम्ही १४ जणी आहोत. सर्वांत धाकटी ४६ वर्षांची आणि सर्वांत थोरली ७१ वर्षांची आहे. निम्म्यांना पोहता येत नाही. शिकवणाऱ्या बाई दुसऱ्या गावी गेल्या आणि मी शाळेत २६ वर्षे शारीरिक शिक्षण शिकवलेले असल्यामुळे बॅचची सूत्रे बिनविरोध माझ्याकडे आली.

पाण्यात चालणे, जागच्या जागी धावणे, जंपिंग जॅक (उडी मारत हातपाय बाजूंना पसरणे आणि मिटणे), पाय पुढे फेकणे हे प्रकार आता सर्वांच्या अंगवळणी पडले आहेत आणि अडचण नेमकी तीच आहे. सुरुवातीला लागायचा तसा दम आता कोणालाच लागत नाही. म्हणून गेल्या मोसमाच्या शेवटी मी गाण्यांची गती वाढवून पाहिली. परिणाम असा झाला की पाणी पूर्वीपेक्षा जास्त उडू लागले, हातपाय मात्र वीतभरच हलू लागले, आणि दोघींचे खांदे दुखायला लागले.

आमच्याकडे पाणी गरम करण्याची सोय नाही, त्यामुळे मार्चच्या सुरुवातीपासून मेअखेरपर्यंत जेमतेम १२ आठवडे सलग हाती लागतात. आठवड्यातून तीन दिवस भेटायचे ठरले आहे. तलाव एका टोकाला साडेतीन फूट आणि दुसऱ्या टोकाला साडेपाच फूट खोल आहे. पहिले ४ आठवडे जलद गाणी, पुढचे ४ आठवडे फोमचे डंबेल आणि शेवटचे ४ आठवडे खोल पाणी, असा कच्चा आराखडा मी केला आहे. तो योग्य आहे का, आणि मुळात मध्यम पातळी म्हणजे काय समजायचे, हे जाणकारांनी सांगावे.

सांधेजोड | १४ फेब्रुवारी

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि गुडघ्याच्या रुग्णांना पाण्यातील व्यायाम देतो. तुमच्या आराखड्यातील पहिल्या चार आठवड्यांपासूनच माझा मतभेद आहे.

पाण्याची घनता हवेच्या सुमारे ८०० पट आहे आणि पाण्यात हलणाऱ्या हातापायाला होणारा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे हात दुप्पट वेगाने ओढला तर रोध चौपट होतो. गाणे जलद झाले की हा चौपट रोध टाळण्यासाठी शरीर आपोआप पळवाट काढते. कोपर वाकते, तळहात पाणी ढकलण्याऐवजी कडेने कापू लागतो आणि तीन फुटांची फेक वीतभर होते. ठेका सांभाळला जातो, काम मात्र घटते. तुम्ही जे पाहिले ते हेच. खांदे दुखण्याचे कारणही बहुधा यातच आहे, कारण घाईत हात पाण्याबाहेर जातात आणि पुन्हा पाण्यावर आपटतात, तेव्हा प्रत्येक वेळी खांद्याला झटका बसतो. जंपिंग जॅकमध्ये हात पाण्याखालीच ठेवायला सांगा.

हालचालीची व्याप्ती आणि शरीराची ठेवण न बिघडवता जास्त पाणी हलवता येणे, ही माझ्या मते मध्यम पातळीची व्याख्या आहे. उद्या एक प्रयोग करून पाहा. छातीभर पाण्यात उभ्या राहा, दोन्ही हात पाण्याखाली बाजूंना पसरा आणि समोर जवळ आणा. एकदा तळहात आडवे, पाणी कापतील असे ठेवून, एकदा मूठ वळून आणि एकदा बोटे किंचित विलग ठेवलेल्या उघड्या पंजाने. तिसऱ्या वेळी तुम्ही स्वतःच मागे ढकलल्या जाल. त्या वेळी पाऊल न हलवता, कमरेत न वाकता उभे राहता येते का ते पाहा. ज्या बाईला ते जमत नाही, तिला डंबेल देण्यात अर्थ नाही.

खोलीचाही हिशेब ठेवा. पाण्याच्या वर उचलणाऱ्या (प्लावक) बलामुळे कमरेएवढ्या पाण्यात पायांवर शरीराचे सुमारे निम्मे वजन येते, छातीपर्यंतच्या पाण्यात सुमारे एक तृतीयांश आणि मानेपर्यंतच्या पाण्यात जेमतेम एक दशांश. उथळ टोकाला उडी मारणारी बाई आणि तिच्यापासून पाच पावलांवर खोल बाजूला उडी मारणारी बाई, या दोघी एकच व्यायाम करत नसतात.

शिट्टी | १५ फेब्रुवारी

मी अनेक वर्षे तरणतलावावर जीवरक्षक म्हणून आणि नंतर प्रशिक्षक म्हणून काम केले. सांधेजोड यांच्या शेवटच्या मुद्द्याला पुढे नेतो.

बहुतेक बॅचमध्ये बायका मैत्रिणींच्या गटाने उभ्या राहतात आणि त्यातूनच अर्धा गोंधळ होतो. तलावाच्या कडेला खोलीचे आकडे लिहिलेले असतातच. त्यानुसार प्रत्येकीला तिच्या उंचीप्रमाणे जागा ठरवून द्या. उभे राहिल्यावर पाणी छातीच्या मध्यापासून काखेपर्यंत यावे. पावणेपाच फुटी बाई आणि साडेपाच फुटी बाई एकाच रांगेत उभ्या केल्या, तर पहिलीचे पाय तळावर टिकत नाहीत आणि दुसरीच्या गुडघ्यांना विनाकारण मार बसतो. शाळेत उंचीप्रमाणे रांग लावायची सवय तुम्हाला असेलच.

खोल पाण्याबाबत मात्र मी कडक आहे. कमरेला तरंगवणारा पट्टा बांधला म्हणजे काम झाले असे नाही. ज्या बाईला पालथी किंवा उताणी तरंगत असताना स्वतःहून पुन्हा उभी स्थिती घेता येत नाही, तिला साडेचार फुटांच्या पुढे नेऊ नये. हे शिकवायला सोपे आहे. गुडघे छातीशी घ्यायचे, उताणी असेल तर डोके पुढे आणायचे, पालथी असेल तर वर उचलायचे, दोन्ही तळहातांनी पाणी खाली दाबायचे आणि मग पाय तळाकडे सोडायचे. कमरेएवढ्या पाण्यात, शेजारी कोणीतरी उभे असताना, हे वीस वेळा करून घ्या. मी पाहिलेल्या जवळपास प्रत्येक घाबरगुंडीत बाई बुडत नव्हती. पाय खाली कसे आणायचे हे तिला सुचत नव्हते, एवढेच.

आणखी एक, पट्ट्याने तरंगताना पाणी खांद्यांपर्यंत येते, त्यामुळे पाच फुटी बाईचे पाय साडेपाच फुटांच्या टोकाला अधांतरी राहतील, पण फार उंच बाईच्या पायाची बोटे तळाला घासू शकतील. तिच्यासाठी ते खोल पाणी नव्हेच. आणि बॅच चालू असताना तुम्ही पाण्यात उतरलेल्या असाल, तर काठावर जीवरक्षक उभा असलाच पाहिजे. तो कोपऱ्यात मोबाइल पाहत बसलेला चालणार नाही.

डोंगरवाट | १५ फेब्रुवारी

कोणाचा उत्साह मोडण्याची इच्छा नाही, पण प्रामाणिक शंका विचारतो. ज्या माध्यमात वजनच जाणवत नाही, तिथे केलेल्या व्यायामाला व्यायाम म्हणावे का? माझ्या आईला हाडे ठिसूळ होत असल्याचे निदान झाल्यावर डॉक्टरांनी चालायला आणि वजने उचलायला सांगितले, पोहायला नाही.

सांधेजोड | १६ फेब्रुवारी

आपल्या आईच्या डॉक्टरांनी योग्यच सांगितले आहे. हाडांना बळकटी येण्यासाठी त्यांच्यावर भार यावा लागतो आणि पाणी तोच भार काढून घेते. म्हणून पाण्यातील व्यायाम हा हाडांच्या घनतेसाठी पुरेसा उपाय नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम तीव्रतेचा व्यायाम आणि त्याखेरीज किमान दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचा व्यायाम सांगितला आहे. कवायत यांच्या बॅचची तीन दिवसांची मिळून १३५ मिनिटे होतात, तीही पाण्यात उतरण्याचा आणि गप्पांचा वेळ न वजा करता. तेव्हा आठवड्यातून दोनदा घरी खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे, पायऱ्या चढणे आणि भिंतीला टेकून दंड काढणे या आराखड्यातच लिहून टाका.

पण पाण्यात श्रम होत नाहीत हे खरे नाही. जमिनीवर डंबेल खाली आणताना गुरुत्वाकर्षण मदत करते. पाण्यात रिकामा हात वर नेतानाही पाणी ढकलावे लागते आणि खाली आणतानाही. एकाच हालचालीत पुढचे आणि मागचे असे दोन्ही स्नायू पाळीपाळीने काम करतात, आणि स्नायू ताणला जात असताना भार पेलण्याचा भाग फारसा नसल्यामुळे दुसऱ्या दिवशी अंगही कमी ठणकते. गुडघे झिजलेल्या माणसाला जमिनीवर पाच मिनिटे धावता येत नाही, तो छातीभर पाण्यात वीस मिनिटे धावू शकतो. त्याच्या हृदयाला आणि फुप्फुसांना तो व्यायामच आहे.

मात्र श्रम मोजताना नाडीवर विसंबू नका. छातीपर्यंतच्या पाण्याच्या दाबामुळे पायांतील रक्त हृदयाकडे अधिक परतते, प्रत्येक ठोक्याला हृदय जास्त रक्त पुढे ढकलते आणि तेवढ्याच श्रमाला नाडी जमिनीपेक्षा मिनिटाला साधारण १० ते १५ ठोक्यांनी कमी भरते. हातातले घड्याळ त्यामुळे फसवे ठरते, आणि रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर ही नाडी मंदावणारी औषधे घेणाऱ्यांच्या बाबतीत तर अधिकच. त्याऐवजी स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी रूढ केलेल्या पद्धतीने श्रमाचा अंदाज ० ते १० मध्ये विचारा. मध्यम पातळीच्या बॅचचा मुख्य भाग ५ ते ७ च्या दरम्यान असावा. म्हणजे वाक्य बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये.

राईनकाठ | १७ फेब्रुवारी

मी बारा वर्षे जर्मनीत राहते आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर इथल्या पाण्यातील व्यायामाच्या वर्गांना जाते. इथे अशा मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांच्या शुल्काचा काही भाग सार्वजनिक आरोग्यविमा परत करतो, त्यामुळे माझ्या वर्गात पेन्शनर मंडळींची गर्दी असते. पट्टा बांधून खोल पाण्यात धावण्याचा प्रकारही फार लोकप्रिय आहे.

आमची प्रशिक्षिका पाण्यात उतरत नाही, काठावर उभी राहते. सुरुवातीला मला ते खटकायचे. नंतर लक्षात आले की ती पाण्यात असती, तर आम्हाला तिचे डोके आणि खांदेच दिसले असते, आणि तिला आमचे पाय दिसले नसते. काठावरून शिकवण्याचा धोका मात्र असा आहे की हवेत हात भरभर फिरतो आणि शिकवणारी व्यक्ती नकळत जमिनीच्या गतीने हालचाली दाखवते. यासाठी ती प्रत्येक हालचाल मुद्दाम जड करून, जणू पाण्यातच आहे अशी दाखवते. गाण्यातले ठोके मिनिटाला १२५ ते १५० असतात, पण आम्ही एक ठोका सोडून एक ठोका धरतो. पाय फेकण्याऐवजी ती खुर्चीला धरून पाय हळू वर नेते, म्हणजे ओल्या फरशीवर तिचाच पाय घसरायला नको.

कवायत | १८ फेब्रुवारी

एक ठोका सोडून एक ठोका धरणे, हे वाचून मला लेझीम आठवली. नव्या मुलांना शिकवताना आम्ही सुरुवातीला हलगीचा ठेका निम्म्यावर आणतो, कारण घाई झाली की मुले पाय उचलतच नाहीत, नुसता खुळखुळाट करतात. ही गोष्ट मला पाण्यात का सुचली नाही, कोण जाणे.

आता डंबेलविषयी विचारते. सोसायटीने फोमच्या डंबेलच्या १४ जोड्या घेऊन ठेवल्या आहेत आणि त्या वापरा म्हणून आग्रह आहे. जिममध्ये करतात तसे कोपरातून वाकवून दंडाचे व्यायाम करून घ्यावेत, असा माझा विचार होता.

सांधेजोड | १८ फेब्रुवारी

इथे जवळजवळ सगळेच फसतात. लोखंडी डंबेल खाली ओढतो, फोमचा डंबेल वर ओढतो. तो पाण्याखाली धरून कोपर वाकवले, तर हात वर नेण्याचे काम पाणीच करते आणि दंडाच्या पुढच्या स्नायूला फारसे काही करावे लागत नाही. खरे काम डंबेल खाली दाबताना होते आणि ते दंडाच्या मागच्या स्नायूचे असते. वर येताना डंबेल उसळू न देता आवरून धरायचा, हे कामही त्याच मागच्या स्नायूचे. म्हणजे बाईला वाटते पुढच्या स्नायूचा व्यायाम होतो आहे, आणि प्रत्यक्षात मागचा स्नायू दोन्ही वेळा राबत असतो. पुढच्या स्नायूला काम द्यायचे असेल, तर डंबेल काठावर ठेवून बोटांच्या मध्ये पडदा असलेले हातमोजे घाला आणि तळहाताने पाणी वर ओढा.

फोमचे डंबेल जरूर वापरा, पण सातव्या-आठव्या आठवड्यानंतर, एका वेळी पाच मिनिटांहून जास्त नको, आणि ज्यांचे खांदे दुखत होते त्यांना मुळीच नको. ते सतत वर ओढत असल्यामुळे खांदे कानांकडे चढतात. मूठ घट्ट आवळू देऊ नका. डंबेल काखेत धरून खोल पाण्यात लटकण्याची पद्धत काही ठिकाणी पाहिली आहे. खांद्याच्या सांध्याचे त्याने नुकसानच होते, त्यासाठी कमरेचा पट्टा आहे.

साखरझोप | १९ फेब्रुवारी

मी स्वतः इन्शुलिन घेतो आणि पाण्यातील व्यायामाला जातो, म्हणून दोन गोष्टी नोंदवतो. रक्तातील साखर कमी होऊ लागली की थरथर आणि अशक्तपणा जाणवतो. पाण्यात असताना माणूस ते थंडीमुळे आहे असे समजतो. एकदा मी स्वतः दहा मिनिटे तसाच कुडकुडत राहिलो आणि काठावर आल्यावर मला उभे राहता येईना. तेव्हापासून उतरण्यापूर्वी साखर तपासतो आणि ग्लुकोजची पुडी प्लास्टिकच्या डबीत घालून काठावर ठेवतो. बॅचमध्ये इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणारे कोण आहे, हे शिकवणाऱ्याला माहीत असावे.

दुसरी गोष्ट पायांची. मधुमेहात पाय बधिर झालेले असतील, तर तळाच्या फरश्यांवर उड्या मारताना कातडी सोलवटली तरी कळत नाही. पाण्यात घालायचे रबरी तळाचे बूट मिळतात, ते घालावेत आणि बाहेर आल्यावर बोटांच्या मधल्या भागासकट तळवे पाहावेत. उघडी जखम असेल, तर ती भरेपर्यंत तलाव बंद.

शिट्टी | १९ फेब्रुवारी

याला जोडून सांगतो की पाण्यात घाम आलेला कळत नाही, म्हणून प्रत्येकीची पिण्याच्या पाण्याची बाटली काठावर असावी. आणि बॅच संपल्यावर घाईने शिडी चढू देऊ नका. पाण्याचा दाब एकाएकी निघून गेल्यावर पाय जड होतात आणि काहींना भोवळ येते, विशेषतः रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना. शेवटची पाच मिनिटे हळू चालत उथळ टोकाकडे यायचे, मग कमरेएवढ्या पाण्यात मिनिटभर उभे राहायचे आणि मगच कठडा धरून वर.

कवायत | २४ फेब्रुवारी

सर्वांच्या सूचनांनंतर जुना आराखडा मी बाजूला ठेवला आहे. नवा असा आहे. पहिले तीन आठवडे एकही साधन न घेता, निम्म्या ठेक्यावर, फक्त पाणी धरायला शिकवायचे. आडवा तळहात, मूठ आणि उघडा पंजा या क्रमाने. सोबत रोज पाच मिनिटे तरंगून उभे राहण्याचा सराव, पोहता येणाऱ्यांनाही. चौथ्या ते सहाव्या आठवड्यात जागा सोडायची, म्हणजे पुढे, मागे आणि आडवे चालत-धावत जाऊन आज्ञेसरशी दिशा बदलायची. सातव्या ते नवव्या आठवड्यात ३० सेकंद जोर आणि ३० सेकंद विसावा अशा फेऱ्या, पुढे जमेल तिला ४० आणि २०. हातमोजे इथून, आणि नवव्या आठवड्यात थोडेसे डंबेल. शेवटचे तीन आठवडे शिट्टी यांच्या परीक्षेत उतरणाऱ्यांना पट्टा बांधून खोल टोकाला आणि बाकीच्यांना छातीभर पाण्यात खाली बसल्यासारखे खांद्यापर्यंत बुडून, पाय तळाला क्षणभरच टेकवत. प्रत्येक वर्गात आठ मिनिटे अंग तापवणे आणि सात मिनिटे निवणे ठरलेले.

प्रगती मोजण्यासाठी दोन चाचण्या ठेवल्या आहेत. पाण्यात, हात कमरेवर ठेवून तलावाची रुंदी चालत पार करायला लागणारा वेळ, आणि जमिनीवर, हात छातीशी घेऊन ३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता येते. पहिल्या दिवशी, सहाव्या आठवड्यात आणि शेवटी.

राईनकाठ | २५ फेब्रुवारी

आराखडा चांगला आहे, पण पाण्याच्या तापमानाचा उल्लेख नाही. इथे आमच्या वर्गाला पाणी ३० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तुमच्याकडे मार्चच्या पहाटेचे पाणी किती असते?

सांधेजोड | २५ फेब्रुवारी

महत्त्वाचा प्रश्न. या प्रकारच्या व्यायामाला २८ ते ३० अंश सोयीचे पडते. त्याहून दोन-तीन अंश कमी असेल, तर जागच्या जागी उभे राहून करायचे प्रकार आणि ताण देण्याचे प्रकार कमी करून सतत हलते ठेवा, आणि ज्यांचे अंग काटकुळे आहे त्यांच्याकडे अधिक लक्ष द्या. त्या आधी गारठतात. २५ च्या खाली असेल, तर माझ्या मते सत्तरीच्या बाईंना त्या दिवशी पाण्यात उतरवू नये. तलावाच्या थर्मामीटरला फारसा खर्च येत नाही.

कवायत | ६ एप्रिल

पाच आठवडे पूर्ण झाले, म्हणून लिहिते. पहिल्या सोमवारी सकाळी पाणी २४ अंश भरले. सोसायटीकडे चार वेळा अर्ज केल्यावर बॅच संध्याकाळी साडेपाचला हलवून मिळाली. दिवसभराच्या उन्हाने पाणी २७ पर्यंत जाते आणि आता २९ भरते आहे. सकाळच्या वेळेसाठी हट्ट धरणाऱ्या दोघींनी बॅच सोडली. १२ जणी उरलो.

पहिले दोन आठवडे कुरकूर झाली. संथ गाणी लावल्यामुळे आपण मागे गेलो, असे अनेकींना वाटले. तिसऱ्या आठवड्यात उघड्या पंजाने हात जवळ आणताना एकमेकींना मागे सरकताना पाहिले, तेव्हा ती कुरकूर थांबली. श्रमाचा आकडा विचारल्यावर ज्या पूर्वी ३ सांगत, त्या आता ६ सांगतात, तेही मिनिटाला १२८ ठोक्यांच्या गाण्यावर, म्हणजे एक सोडून एक ठोका धरून.

दिशा बदलण्यासाठी मी भोंडल्याचे रिंगण केले. बाराही जणी गोल धरून एकाच दिशेने दोन मिनिटे जोरात चालल्या की पाणीही त्यांच्याबरोबर फिरू लागते आणि चालणे सोपे होते. मग मी शिट्टी वाजवते आणि सगळ्यांनी उलट फिरायचे असते. पहिल्या वेळी तिघी त्या प्रवाहाने मागे वाहत गेल्या आणि एक माझ्या अंगावर आदळली. आता सगळ्या गुडघे किंचित वाकवून, पोट आत घेऊन शिट्टीची वाट पाहत असतात.

खांदे दुखणाऱ्या दोघींपैकी एकीचे दुखणे हात पाण्याखाली ठेवल्यावर थांबले. दुसरीचे थांबले नाही. तिला तपासून घ्यायला सांगितले आहे आणि तोवर ती फक्त पायांचे प्रकार करते. तरंगून उभे राहण्याच्या परीक्षेत ९ जणी उतरल्या. ७१ वर्षांच्या आमच्या काकूंना अजून पालथे तरंगायला भीती वाटते, उताण्या स्थितीतून मात्र त्या व्यवस्थित उभ्या राहतात. शिट्टी, एवढ्यावर त्यांना दहाव्या आठवड्यात पट्टा बांधावा का?

शिट्टी | ६ एप्रिल

नाही. पट्ट्याने माणूस पुढेच कलंडतो, त्यामुळे पालथ्या स्थितीतून उठता येणे अधिक गरजेचे आहे. अजून चार आठवडे आहेत. त्यांना आधी काठ धरून तोंड पाण्यात घालून श्वास सोडायला शिकवा, तरंगणे नंतर पाहू.